मुका मार

रविवारची पुरवणी घरातले सगळेच वाचतात. आजोबा चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात, आई पोह्यांची बशी बाजूला ठेवून पान उलटते, मुलगा आधी खेळाचे पान शोधतो. अशा पुरवणीत आज मी जो विषय मांडणार आहे, तो वाचताना काहींच्या भुवया उंचावतील. एखादी आजी ‘काय मेलं छापतात हल्ली’ असेही म्हणेल. ते गृहीत धरूनच लिहितो आहे. कारण एका तालुक्याच्या गावी ३० वर्षे सर्जन म्हणून काम केल्यावर माझी खात्री झाली आहे, की ‘या गोष्टी घरात बोलायच्या नसतात’ या एका संकेतापायी आपल्या मुलांचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे टाळता येण्याजोगे असते. विषय आहे पुरुषाच्या वृषणांना लागणाऱ्या माराचा, तिथल्या दुखण्याचा आणि तिथे हाताला लागणाऱ्या गाठीचा.

एका सकाळची गोष्ट सांगतो. दवाखाना उघडायच्या आधीच एक जोडपे आपल्या १४ वर्षांच्या मुलाला घेऊन पायरीवर बसले होते. आदल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळताना त्याला ‘कुठेतरी’ गुडघा लागला होता. रात्री नऊच्या सुमारास पोटात दुखू लागले, दोनदा उलटी झाली. आजीने ओवा चावायला दिला, बेंबीभोवती हिंग लावला. बाहेरचा वडापाव बाधला असणार, असे सर्वानुमते ठरले. मुलगा रात्रभर पाय पोटाशी घेऊन पडून राहिला. सकाळी त्याला धड चालता येईना, तेव्हा कुठे वडिलांच्या लक्षात आले, की दुखणे पोटाचे नाही. मी तपासले तेव्हा १२ तास उलटून गेले होते. वृषणाला पीळ पडला होता. तातडीने शस्त्रक्रिया केली, पीळ सोडवला, कोमट पाण्याचे बोळे ठेवून वाट पाहिली. पण काळे पडलेले ते वृषण पुन्हा रंगावर आले नाही. ते काढून टाकावे लागले.

बाहेर येऊन सांगितले, तेव्हा त्या माऊलीने एकच प्रश्न विचारला. ‘‘डॉक्टर, त्यानं रात्रीच मला का नाही हो सांगितलं?’’

मी त्या वेळी सांत्वनाचे काहीतरी बोललो. खरे उत्तर मला नंतर सुचले. त्याने सांगितले नाही, कारण सांगायला त्याच्याजवळ शब्दच नव्हता.

जरा आठवून पाहा. मूल बोलू लागले, की आपण त्याला नाक कुठे, कान कुठे, पोट कुठे, असे कौतुकाने विचारतो. पाहुण्यांसमोर म्हणून घेतो. मात्र कमरेखाली आलो, की आपली भाषा एकदम मुकी होते. ‘नाजूक जागा’, ‘अवघड जागा’, ‘तिकडे’, ‘खाली’. त्या अवयवाला शुद्ध मराठीत वृषण म्हणतात आणि ज्या पिशवीत तो असतो तिला वृषणकोश, हे कित्येक पदवीधरांनाही माहीत नसते. लिहिताना चुकून ‘अंडाशय’ लिहून जातात, जो अवयव स्त्रीच्या शरीरात असतो! गंमत अशी, की नाक्यावर आणि कट्ट्यावर याच अवयवासाठी मुलांना चार-पाच शब्द ठाऊक असतात. पण ते सगळे शिव्यांचे. शिवी द्यायला शब्द आहेत, दुखते आहे हे आईला सांगायला एकही नाही. मग मुलगा बिचारा पोटावर हात ठेवतो.

आणि इथे शरीरही त्याला साथ देते. वृषण बाळाच्या पोटात, मूत्रपिंडाच्या जवळपास तयार होते आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरते. उतरताना आपल्या नसा वरूनच घेऊन येते. त्यामुळे तिथले दुखणे पोटात जाणवते, मळमळते, उलटी होते. म्हणून माझे पहिले सांगणे घरातल्या स्त्रियांना आहे. वयात येणारा मुलगा अचानक पोटात दुखते म्हणून कळवळू लागला, तर ओवा-हिंगाच्या आधी त्याला एक प्रश्न सरळ विचारा, ‘खाली दुखतंय का?’ त्याला तुम्हाला सांगायचा संकोच वाटत असेल तर बाबांना, मामाला, मोठ्या भावाला विचारायला सांगा. पण रात्र जाऊ देऊ नका.

रात्र का जाऊ द्यायची नाही, ते समजून घेण्यासारखे आहे. वृषण एका दोरीसारख्या नळीला लोंबत असते. त्याच दोरीतून त्याचा रक्तपुरवठा होतो. काही मुलांमध्ये वृषण आतून नीट बांधलेले नसते, आणि ते स्वतःभोवती फिरते. विहिरीच्या रहाटाला पीळ बसावा तशी दोरी पिळली जाते आणि रक्त थांबते. हे कधी मार लागल्यावर होते, कधी खेळताना, तर पुष्कळदा काहीही कारण नसताना, अगदी झोपेत. १२ ते १८ या वयात याचे प्रमाण सर्वाधिक असते. पहिल्या ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर १०० पैकी ९० हून अधिक वृषणे वाचतात. २४ तास उलटले, की दहा वाचणेही कठीण. हृदयविकाराच्या झटक्यात वेळेचे महत्त्व आता शेतमजुरालाही पटले आहे. या दुखण्यातही हिशेब तासांचाच आहे, हे मात्र सुशिक्षितांनाही माहीत नाही.

आता ‘लागले’ या शब्दाविषयी. ज्या मारात कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, पण आत इजा होते, त्याला आपण मुका मार म्हणतो. या जागेचा मार बहुधा मुकाच असतो. क्रिकेटचा चेंडू, कबड्डीतला गुडघा, सायकलची दांडी, मोटारसायकलची टाकी. कारणे ठरलेली आहेत. निसर्गाने हा अवयव पिशवीत बाहेर टांगला, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोनेक अंशांनी कमी तापमान लागते. त्या सोयीची किंमत म्हणजे हा उघडेपणा. पण निसर्गाने त्याला चिवट पांढरे आवरणही दिले आहे, आणि पिशवीत सटकायला जागा दिली आहे. त्यामुळे बहुतेक मार जीव कासावीस करून अर्ध्या-पाऊण तासात निवतात. प्रत्येक वेळी दवाखान्यात धावायला हवे, असे मी म्हणत नाही. खाली बसावे, फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरावा, घट्टसर चड्डी घालावी, त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये.

मात्र तासाभरात कळ ओसरली नाही, सूज वाढत चालली, पिशवी निळी-काळी दिसू लागली, उलटी झाली, लघवीतून रक्त आले, किंवा एका बाजूचे वृषण नेहमीपेक्षा वर ओढल्यासारखे दिसले, तर यांपैकी एकही गोष्ट त्याच वेळी डॉक्टरकडे जायला पुरेशी आहे. कधी कधी ते चिवट आवरणच फुटते आणि आत रक्त साचते. पहिल्या तीन दिवसांत ते शिवले तर वृषण वाचण्याची शक्यता खूपच जास्त असते. आंबेहळदीचा लेप, तेल लावून चोळणे, विटेने शेकणे हे उपाय घोट्याला ठीक असतील, इथे करू नयेत. आणि हो, कळ जबर असेल तर दवाखान्यात निघताना मुलाला ‘दोन घास खाऊन घे’ म्हणू नका. भूल द्यायची वेळ आली तर रिकामे पोट बरे.

इथवर दुखणाऱ्या गोष्टी झाल्या. दुखण्याचा एक उपकार असतो, ते माणसाला उठवून दवाखान्यात नेते. माझ्या मते जास्त फसवी आहे ती न दुखणारी गाठ.

एका पतसंस्थेत नोकरी करणारा २६ वर्षांचा तरुण माझ्याकडे आला होता, पाठदुखीसाठी. बोलता बोलता, जाता जाता, दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘सर, अजून एक विचारायचं होतं. सात महिन्यांपूर्वी बॉल लागला होता, त्याची गाठ राहिलीय. दुखत नाही, म्हणून म्हटलं राहू दे.’’ अनुभवी डॉक्टरांना ठाऊक असते, रुग्णाचे खरे दुखणे पुष्कळदा असे दाराशीच बाहेर पडते. त्याला परत बसवले, तपासले. एक वृषण दगडासारखे कठीण लागत होते. तो कर्करोग होता आणि पोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता. पाठदुखी त्याचीच होती.

त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘बॉल लागल्यामुळे झालं का?’’ नाही. मारामुळे कर्करोग होतो याला पुरावा नाही. होते ते असे, की लागल्यावर माणसाचा हात तिथे जातो, आणि आधीपासून असलेली गाठ प्रथमच हाताला लागते. मार हा त्या गाठीचा बाप नसतो, तिची बातमी आणणारा असतो. पण आपण बातमीदारालाच कारण समजतो. ‘लागलंय, जाईल हळूहळू’ म्हणून महिने काढतो. आणि दुखत नाही, याचा अर्थ काही नाही, असा घेतो. इथे नियम नेमका उलटा आहे. साध्या माराची सूज दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते. जी गाठ, जो कठीणपणा त्यानंतरही राहतो, आणि मुद्दाम सांगतो, न दुखता राहतो, तो डॉक्टरला दाखवलाच पाहिजे.

म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. भारतात हा कर्करोग दुर्मीळ आहे. वर्षाकाठी लाख पुरुषांत एकाहूनही कमी. तिथल्या बहुतेक गाठी आणि सुजा वेगळ्याच असतात. वृषणाभोवती पाणी साचते ते हायड्रोसील, शिरा फुगतात ते व्हेरिकोसील, जांघेतून उतरणारा हर्निया, वृषणाला लागून असलेल्या नळीचा जंतुसंसर्ग किंवा क्षय. गालगुंडानंतरही वृषण सुजू शकते. विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या भागांत हत्तीरोगामुळे अंडवृद्धीचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आहेत. पण तिथेच दुसरा धोका आहे. गावात दहा जणांना पाण्याची अंडवृद्धी असली, की अकराव्याची गाठही तीच असे मानले जाते. मग कोणीतरी सुई टोचून ‘पाणी काढून’ देतो. गाठ कर्करोगाची असेल तर अशी पिशवीतून सुई टोचणे रोग पसरवायला वाट करून देऊ शकते. म्हणूनच सर्जन अशा वेळी पिशवीला हात न लावता जांघेतून शस्त्रक्रिया करतो. आधी डॉक्टरचा हात, मग सोनोग्राफी, मग रक्ताच्या काही चाचण्या, हाच क्रम. सोनोग्राफी वीसेक मिनिटांची, न दुखणारी आणि आता बहुतेक तालुक्यांच्या गावी होणारी आहे.

हा रोग दुर्मीळ असला तरी त्याचे वय मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. कर्करोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उतारवय येते. हा येतो १५ ते ४० या वयात. मुलगा दहावीला असतो, नोकरीला लागलेला असतो, नुकते लग्न ठरलेले असते. जन्मतः ज्यांचे वृषण खाली उतरलेले नसते, त्यांना धोका अधिक. म्हणून बाळाला न्हाऊ घालताना पिशवीत दोन्ही गोळ्या लागतात ना, हे आजीने किंवा आईने पाहावे. सहा महिन्यांनंतरही एखादे वर असेल तर वाट न पाहता दाखवावे. वर्ष-दीड वर्षाच्या आत ते शस्त्रक्रियेने खाली आणून बसवतात. ‘मोठा झाला की उतरेल’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा आहे.

आणि आता या विषयातली सर्वांत चांगली बातमी. कर्करोगांमध्ये सर्वाधिक बरा होणाऱ्यांपैकी हा एक आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतूंची वाढ थांबली, पण विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून विरघळलेल्या द्रव्यामुळे. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आले. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांच्या जोडीने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले. तोवर अशा रुग्णांपैकी दहातला एखादाच जगत असे. आज पसरलेल्यातलेही दहापैकी आठ बरे होतात, आणि वेळेवर सापडलेले जवळजवळ सगळेच.

आपल्याला हे नाव परके वाटायचे कारण नाही. २०११ च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेला युवराजसिंग आठवा. २ एप्रिलच्या रात्री वानखेडेवर आपण नाचत होतो, त्या स्पर्धेत तो खोकत, ओकत खेळत होता. त्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये, गाठ वाढत होती. ती ज्या बीजपेशींची होती, त्याच जातीच्या पेशींतून वृषणाचा कर्करोग होतो. २०१२ च्या सुरुवातीला तो उपचारांसाठी गेला तो इंडियानापोलिसला, त्याच डॉ. आइनहॉर्न यांच्याकडे. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात चेन्नईला भारताकडून पुन्हा खेळला. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याची कथा दुसऱ्या अंगाने बोलकी आहे. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्याची विजेतेपदे २०१२ साली गेली, ते योग्यच झाले. पण त्याच्या आजारपणातला धडा खोटा नाही. वृषणाची सूज त्याने सायकलच्या बैठकीवर ढकलली. १९९६ च्या ऑक्टोबरात निदान झाले तेव्हा रोग फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. तो वाचला, पण किती सोसून! दिवसभर शरीराकडेच लक्ष देणारे हे खेळाडू. तेही जर ‘लागलं असेल’ म्हणून चालवून घेतात, तर आपल्या मुलांचे काय?

माझा तो पतसंस्थेतला तरुणही वाचला. आज त्याला एक मुलगी आहे. पण पहिल्या महिन्यात आला असता तर कदाचित एका शस्त्रक्रियेवर भागले असते. सात महिन्यांच्या संकोचाची किंमत त्याने चार वेळा सलाइनच्या बाटलीखाली झोपून चुकवली. त्याने इतका वेळ का घालवला? मी विचारले होते. तो म्हणाला, ‘‘भीती वाटली. लग्न ठरत होतं.’’ या भीतीचे उत्तर घराघरांत पोचायला हवे. एक वृषण काढले तरी दुसरे निरोगी असेल तर पुरुषत्वाला आणि मूल होण्याला सहसा बाध येत नाही. औषधोपचारापूर्वी शुक्राणू साठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. पुरुषत्व जाते ते एका वृषणाने नव्हे.

दोष फक्त घरांचा आहे, असे म्हणून मी हात झटकणार नाही. आम्ही डॉक्टरही त्यात आलो. आमच्या बाहेरच्या खोलीत १५ जण बसलेले असतात, कंपाउंडर सर्वांदेखत ‘काय होतंय?’ म्हणून मोठ्याने विचारतो, तपासायच्या टेबलाला पडदा असलाच तर अर्धा. अशा ठिकाणी १६ वर्षांचा मुलगा काय बोलणार? आणि कित्येकदा आम्हीच न तपासता, चड्डीवरूनच अंदाज बांधून, गोळ्या लिहून देतो. सुरुवातीच्या काळात हे माझ्याही हातून झाले आहे. आता मी आई-वडिलांना नम्रपणे बाहेर बसवून मुलाशी दोन मिनिटे एकट्याने बोलतो. त्या दोन मिनिटांत जे कळते ते तासभराच्या चौकशीत कळत नाही. रुग्णानेही आपला हक्क ओळखावा. ‘मला दाखवायचं आहे, आत बोलू या,’ असे म्हणायला लाजू नये. डॉक्टरने न पाहताच औषध दिले तर ‘एकदा तपासता का?’ असे जरूर विचारावे.

मग घरी काय करायचे? दर महिन्याला आरशासमोर उभे राहून तपासणीचा सोहळा करा, असे मी म्हणणार नाही. त्याने जीव वाचतात असे सिद्ध झालेले नाही, आणि त्यातून नसत्या धास्तीही निघतात. पण आपले शरीर नेहमी कसे असते, एक बाजू जराशी मोठी, एक थोडी खाली, हे प्रत्येक मुलाला अंघोळ करताना ठाऊक असावे, म्हणजे बदल झाला तर कळतो. वडिलांनी मुलाला मिसरूड फुटायच्या सुमारास एकदा जवळ बसवावे आणि तीन वाक्ये सांगावीत. या अवयवाला वृषण म्हणतात. तिथे लागलं आणि तासाभरात थांबलं नाही, किंवा न लागता एकाएकी दुखू लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव. आणि तिथे गाठ लागली, ती दुखत नसली, तरी मला सांग. मुलींशी पाळीविषयी बोलायला आपल्या आया हळूहळू शिकल्या. बापांनी एवढे तरी शिकावे. खेळाच्या शिक्षकांनी नेटमध्ये गार्ड घातल्याशिवाय मुलाला फलंदाजीला उभे करू नये, आणि तिथे लागून कोसळलेल्या मुलाला पाहून इतर जेव्हा हसतात, तेव्हा स्वतः हसू नये. त्या हसण्याने मुलगा एक गोष्ट कायमची शिकतो, की हे सांगायचे दुखणे नाही.

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ अशी आपली एक म्हण आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती हसत हसत वापरतो. त्या हसण्यात अवघडलेपणाची कबुली आहे. पण जावयापुढे लाजून जीव किंवा अवयव गमावणे, यात हसण्यासारखे काही नाही.

त्या १४ वर्षांच्या मुलाची दुसरी बाजू आम्ही त्याच वेळी टाके घालून पक्की केली. तिलाही पीळ पडण्याचा धोका असतोच. टाके काढायला तो वडिलांबरोबर आला, तेव्हा धाकटा भाऊही बरोबर होता. वडील म्हणाले, ‘‘डॉक्टर, याला मी सगळं सांगितलंय. नावासकट.’’ धाकटा लाजून जमिनीकडे बघत होता. लाजला तरी हरकत नाही. त्याच्याजवळ आता शब्द आहे.